वायफाय फुल, दिवे हिरवे, तरी नेट नाही: राउटरच्या वॅन जोडणीचं निदान

राउटर कुठल्याही कंपनीचा असो, तक्रार बहुतेक एकाच वाक्यात येते: ‘वायफाय दिसतंय, पण नेट चालत नाही.’ मग राउटर बंद-चालू केला जातो, तरी नाही झालं तर मागच्या छोट्या भोकात पिन घालून रिसेट मारला जातो. या दुसऱ्या गोष्टीला माझा ठाम विरोध आहे. रिसेटने पीपीपीओईचं (युजरनेम-पासवर्ड देऊन होणाऱ्या जोडणीचं) युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन (सेवा देणाऱ्याच्या वाटेचा क्रमांक), पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आतल्या उपकरणापर्यंत दिलेली वाट) असं सगळं पुसलं जातं. आधी एकच दोष होता, आता दोष आणि कोरा राउटर अशा दोन अडचणी होतात, आणि रविवारी संध्याकाळी केबलवाला फोन उचलत नाही. राउटरमध्ये काहीही बदलण्याआधी वॅनच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

वायफाय हा तुमचा मोबाईल आणि राउटर यांच्यातला मामला, तर वॅन हा राउटर आणि सेवा देणारा यांच्यातला. पहिला ठणठणीत असताना दुसरा पूर्ण बंद असू शकतो, म्हणून मोबाईलवरच्या वायफायच्या रेघा बघून काहीच कळत नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ उघडा (नेमका पत्ता राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतो), लॉगिन करा आणि ‘स्टेटस’ किंवा ‘इंटरनेट’ या पानावर वॅनच्या समोर कुठला आयपी पत्ता दिसतोय तो वाचा. दोष कुठे आहे हे त्या पत्त्यावरून बऱ्याच अंशी कळतं. पुढचं सगळं त्या पत्त्याच्या क्रमाने लिहिलंय.

पत्ता ०.०.०.० दिसतोय

म्हणजे राउटरला पलीकडून काहीच मिळालेलं नाही. इथे आधी वायर बघायची, सेटिंग नंतर.

ओएनटीवर, म्हणजे फायबर जिथे येऊन थांबते त्या डबीवर, ‘पॉन’चा दिवा स्थिर हवा आणि ‘लॉस’चा लाल दिवा बंद हवा. लाल दिवा लागला असेल तर राउटरच्या सेटिंगला हात लावू नका. प्रकाशच पोचत नाहीये आणि ते काम लाइनमनचं आहे. लाइनमन मीटर लावेल तेव्हा आकडा विचारून घ्या. घरोघरच्या जीपॉन फायबरमध्ये साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप; उण्याचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी) ही ओएनटीची सहनशक्ती धरतात. उणे २६ आला आणि तो ‘चालतंय की’ म्हणाला, तर आग्रहाने जोड पुन्हा करून घ्या. आज चालणारी ती लाइन पहिल्या पावसात तुटतुट सुरू करते. एक गोष्ट डोळ्यांनी सहज तपासता येते: फायबरच्या टोकाचा कनेक्टर हिरवा आणि ओएनटीचं तोंड निळं, किंवा उलट, असं असेल तर जोडच चुकीचा आहे. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सपाट. दोन्ही एकमेकांत बसतात, पण प्रकाश वाया जातो.

लॉस बंद असेल तर ओएनटीपासून राउटरपर्यंतची छोटी वायर बघा. ती राउटरच्या वॅन पोर्टमध्येच हवी. पुष्कळ राउटरांत हा पोर्ट वेगळ्या रंगाचा असतो. वायर बदलून बघायला पाच मिनिटं लागतात, आणि घरी क्रिंप केलेल्या वायरींचा मला भरवसा नाही. १०० एमबीपीएसला आतल्या दोनच जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. त्या दोन सोडून एखादी जोडी तुटली तर दिवा लागतो, नेटही चालतं, पण २०० च्या प्लॅनवर वेग ९४-९५ च्या आसपास अडकून बसतो. वॅन पोर्टचा वेग स्टेटस पानावर १०० दिसला तर सेवा देणाऱ्याशी भांडण्याआधी वायर बदला.

वायर ठीक असूनही शून्यच दिसत असतील तर जोडणीचा प्रकार तपासा. सेटिंगमध्ये तीन नावं दिसतील: डायनॅमिक आयपी, स्टॅटिक आयपी आणि पीपीपीओई. हे आपण ठरवायचं नसतं, सेवा देणारा ठरवतो. तुम्हाला युजरनेम-पासवर्ड दिला असेल तर पीपीपीओई. भारत संचारच्या भारत फायबरवर तेच असतं, आणि गावोगावच्या स्थानिक फायबरवाल्यांकडेही बहुतेक तेच. कागदावर आयपी, सबनेट मास्क आणि गेटवे लिहून दिला असेल तर स्टॅटिक. काहीच दिलं नसेल तर डायनॅमिक. राउटरमधल्या ‘ऑटो डिटेक्ट’ बटणावर विसंबू नका, सेवा देणाऱ्याला विचारा.

स्टॅटिकमध्ये एकच जागा फसवी आहे. ऑफिसच्या लाइनला अनेकदा मास्क २५५.२५५.२५५.२५२ असा देतात. त्यात वापरण्याजोगे पत्ते दोनच: एक त्यांचा, एक तुमचा. सवयीने शेवटी ० टाकला तर नेट चालतंय असं वाटतं, पण त्या पट्ट्यातल्या इतर पत्त्यांशी बोलणं होत नाही आणि कारण सापडता सापडत नाही.

पीपीपीओई ‘कनेक्टिंग’वरच अडकलंय

यात दोन अगदी वेगळे आजार आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. राउटरच्या सिस्टिम लॉगमध्ये बघा. पीपीपीओई सुरू होताना राउटर आधी हाक मारतो, ती पीएडीआय. पलीकडचा सर्व्हर उत्तर देतो, ते पीएडीओ. मग राउटर मागणी करतो आणि सर्व्हर सेशन देतो. त्यानंतर कुठे युजरनेम-पासवर्डची पाळी येते.

लॉगमध्ये पीएडीआय मागून पीएडीआय जातायत आणि पीएडीओची वाट बघून वेळ संपतोय, असं दिसलं तर पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. पासवर्डपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. हाक पोचत नाही याचं सगळ्यात नेहमीचं कारण व्हीलॅन. सेवा देणारा ज्या व्हीलॅन क्रमांकावर ऐकतो, त्याच क्रमांकाची चिठ्ठी पॅकेटवर हवी. ही चिठ्ठी ओएनटीने लावायची की राउटरने, हे एकदा पक्कं करा. ओएनटी ब्रिज मोडवर असून (म्हणजे स्वतः डायल न करता नुसतं पुढे पाठवत असून) व्हीलॅन त्यातच भरलेला असेल तर राउटरमध्ये व्हीलॅन रिकामा ठेवा. दोघांनीही लावला किंवा दोघांनीही सोडला, दोन्ही वेळा शांतताच मिळते. ओएनटी रूट मोडवर असेल तर पीपीपीओई ओएनटीच डायल करतो, आणि मग तुमच्या राउटरवर डायनॅमिक आयपी हवं.

लॉगमध्ये ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ असेल तर लाइन आणि व्हीलॅन दोन्ही बरोबर आहेत. आता युजरनेम-पासवर्ड. व्हॉट्सॲपवर आलेला पासवर्ड कॉपी केला की शेवटी एक मोकळी जागा बरोबर येते. मोबाईलवरून टाइप केलं तर पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतं. आणि तिसरं कारण, जे पुष्कळ अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटतं: ब्राउझर. तुम्ही वॅनच्या पानावर फक्त डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलायला जाता, ब्राउझर पासवर्डच्या रकान्यात राउटरचा लॉगिन पासवर्ड स्वतःहून भरतो, तुम्ही सेव्ह दाबता आणि चालू असलेलं नेट बंद पडतं. डीएनएसमुळे गेलं असं वाटतं, म्हणून डीएनएस पूर्ववत केलं जातं, पण नेट काही येत नाही. वॅनच्या पानावर सेव्ह दाबण्याआधी दर वेळी पासवर्ड नव्याने टाका, आणि राउटरच्या पत्त्यासाठी पासवर्ड साठवायला ब्राउझरला मनाई करा.

शंका उरलीच तर ओएनटीची वायर सरळ लॅपटॉपला लावा आणि विंडोजमध्ये ब्रॉडबँड कनेक्शन बनवून डायल करा. ओएनटी ब्रिजवर असेल तरच ही चाचणी लागू पडते. एरर ६५१ आला तर पलीकडून उत्तरच नाही: लाइन, पोर्ट किंवा व्हीलॅन. एरर ६९१ आला तर उत्तर आलं पण नकार मिळाला: पासवर्ड, संपलेला प्लॅन किंवा आधीचं सेशन. फोनवर ‘नेट नाही’ म्हणण्याऐवजी ‘६९१ येतोय’ म्हणालात की समोरचा माणूस ‘राउटर रिस्टार्ट करा’ सांगणं सोडून कामाला लागतो.

लाइट गेली की दर वेळी नेट जातं

ही तक्रार आपल्याकडे भारनियमनाच्या भागांत फार, आणि तिच्यावर जितकं नीट बोललं जायला हवं तितकं बोललं जात नाही.

राउटर व्यवस्थित बंद झाला तर तो सर्व्हरला ‘मी निघालो’ असा निरोप पाठवतो. लाइट गेली तर निरोप पाठवायला वेळच मिळत नाही. सर्व्हरच्या लेखी तुमचं जुनं सेशन जिवंतच राहतं. तो मधून मधून ‘आहेस का?’ असं विचारत असतो, आणि बऱ्याच वेळा उत्तर आलं नाही की मगच सेशन मोडतो. तोवर लाइट परत येते, राउटर नव्याने डायल करतो, आणि एका खात्यावर एकाच सेशनची परवानगी असल्यामुळे सर्व्हर नकार देतो. लॉगमध्ये तेच ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’. पासवर्ड बरोबर असताना. या क्षणी माणूस घाबरून राउटर पुन्हा बंद-चालू करतो, कधी पासवर्ड बदलतो, कधी पिन मारतो. काहीही करू नका. दहा मिनिटं राउटर तसाच चालू ठेवा, तो स्वतः पुन्हा डायल करत राहतो.

तरीही रोजचं हेच असेल तर सेवा देणाऱ्याला सांगून अडकलेलं सेशन ‘क्लिअर’ करून घ्या आणि त्यांच्या बाजूला नव्या लॉगिनने जुनं सेशन तोडायची सोय करता येते का ते विचारा. पण खरा उपाय तुमच्या हातात आहे: राउटर आणि ओएनटी दोन्हींना छोटा डीसी यूपीएस लावा. दोन्हींना. नुसत्या राउटरला बॅकअप देऊन ओएनटी अंधारात ठेवण्यात काही हशील नाही. घेताना दोन्ही अडॅप्टरांवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. १२ व्होल्टचे जास्त दिसतात, पण ९ व्होल्टचेही राउटर आहेत.

याच्या शेजारचा एक दोष. वापर नसताना नेट तुटतं आणि मोबाईल हातात घेतला की थोड्या वेळाने परत येतं, असं होत असेल तर पीपीपीओईच्या सेटिंगमध्ये ‘कनेक्ट ऑन डिमांड’ निवडलेलं आहे का बघा. त्याखाली ‘आयडल टाइम’ असतो, बहुतेक ठिकाणी १५ मिनिटं. तासांवर पैसे मोजायच्या काळातली ही सोय आहे. ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ करा आणि विषय मिटला.

नवीन राउटर आणला आणि जुन्यावर चालणारी लाइन नव्यावर उठत नाही, हे मॅक बाइंडिंग. पलीकडे जुन्या राउटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) नोंदवलेला असतो. फोन करून नवा मॅक द्या, किंवा राउटरच्या ‘मॅक क्लोन’मध्ये जुना टाका.

पत्ता मिळालाय, पण भलताच

हे प्रकरण सोसायट्यांमध्ये हमखास होतं. जिन्यातल्या स्विचमधून प्रत्येक फ्लॅटला एक वायर, डायनॅमिक आयपी. सगळं नीट चाललेलं असतं आणि अचानक आठ-दहा घरांचं नेट एकदम जातं, तेही सगळ्यांचं नाही. वॅनवर १९२.१६८.०.१०५ सारखा पत्ता दिसतो, एरवी १० पासून सुरू होणारा दिसायचा.

झालेलं असतं असं: कुणीतरी नवीन राउटर आणून जिन्यातून आलेली वायर वॅनऐवजी लॅन, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या, पोर्टमध्ये खोचलेली असते. राउटरचा लॅन पोर्ट आयपी वाटत असतो. आता तो आपल्या घरापुरता न वाटता जिन्यातल्या स्विचमधून शेजाऱ्यांनाही वाटायला लागतो. ज्या शेजाऱ्याच्या राउटरने या वेळेत पत्ता मागितला त्याला खऱ्या सर्व्हरऐवजी याचं उत्तर आधी मिळतं आणि त्याचं नेट जातं. ज्यांनी अजून पत्ता मागितलेला नाही त्यांचं चालू राहतं. म्हणून ‘माझं चालतंय, तुझ्याच राउटरला झालंय’ अशी वादावादी होते.

शोधायचं कसं? पीडित राउटरच्या वॅन पानावर ‘गेटवे’ काय आहे ते वाचा. १९२.१६८.०.१ असेल तर आपल्या राउटरची लॅन बाजू तात्पुरती दुसऱ्या पट्ट्यात न्या, किंवा जिन्याची वायर सरळ लॅपटॉपला लावा, आणि तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडा: कुठल्या कंपनीचा राउटर आहे ते लॉगिन पानावरच दिसतं. मग ‘कुणी अमुक कंपनीचा राउटर नुकताच घेतला का?’ असं सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं की घर सापडतं. तिथे शिरकाव करायचा प्रयत्न करू नका, वायर योग्य पोर्टमध्ये लावली की काम संपतं. कायमचा बंदोबस्त मात्र स्विचवर आहे. स्विच मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) असेल तर केबलवाल्याने डीएचसीपी स्नूपिंग (परक्या राउटरने आयपी वाटणं अडवणारं) किंवा पोर्ट आयसोलेशन (एका घराची वायर दुसऱ्यापासून वेगळी ठेवणारं) चालू केलंच पाहिजे. हा खर्च नसून दोन सेटिंग आहेत, आणि ते न करणाऱ्याला सोसायटीने जाब विचारावा.

वॅनवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता असेल तर तो कुणी दिलेला नाही, उपकरणाने स्वतःच घेतलेला आहे. ०.०.०.० सारखंच वागा.

वॅन १९२.१६८.१.५ आणि लॅनही १९२.१६८.१.१

ओएनटी रूट मोडवर आणि त्याच्या मागे तुमचा राउटर, दोघेही एकच पट्टा वापरतायत. राउटरला कळत नाही की १९२.१६८.१ कुठल्या बाजूला आहे. काही राउटर स्वतःहून लॅनचा पट्टा बदलतात, काही नुसते गप्प बसतात. आपल्या राउटरची लॅन बाजू १९२.१६८.५०.१ करा, रिस्टार्ट करा, नेट येईल.

मात्र आता दुहेरी नॅट झालं, म्हणजे आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे लपवण्याचं काम दोनदा होतं. सिनेमा बघायला, यूपीआयला, ऑनलाइन शिकवणीला काही फरक पडत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग करायचं असेल, गेम खेळायचे असतील किंवा ऑफिसचं जुन्या पद्धतीचं व्हीपीएन असेल तर पडतो. चांगला मार्ग म्हणजे ओएनटी ब्रिजवर टाकून घेणं आणि पीपीपीओई आपल्या राउटरवर डायल करणं. सेवा देणारा ब्रिज करून देत नसेल तर ओएनटीमधल्या डीएमझेडमध्ये (बाहेरून आलेलं सगळं एका पत्त्याकडे पाठवणाऱ्या सेटिंगमध्ये) आपल्या राउटरचा वॅन पत्ता टाका.

पत्ता १०० ने सुरू होतोय, कॅमेरा बाहेरून दिसत नाही

१००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता म्हणजे सीजीनॅट. हा पट्टा २०१२ साली खास सेवा देणाऱ्यांसाठी राखून ठेवला. एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटलेला असतो. काही जण यासाठी १० ने सुरू होणारा पट्टाही वापरतात. अशा लाइनवर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही वेळा केलं तरी चालणार नाही, कारण बाहेरचा दरवाजा तुमच्या राउटरवर नाहीच. तपासणी सोपी: ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या कुठल्याही साइटवरचा पत्ता आणि वॅन पानावरचा पत्ता जुळत नसेल तर मध्ये कुणीतरी नॅट करतंय. पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्या, नाहीतर वायरगार्डसारख्या व्हीपीएन बोगद्याने आतून बाहेर जोडणी करा. शेतावरच्या किंवा दुकानातल्या कॅमेऱ्यासाठी कॅमेऱ्याचं स्वतःचं क्लाउड ॲपही पुरतं.

पत्ता बरोबर, पण काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात

आधी डीएनएस झटकून टाका: पिंग (पलीकडून उत्तर येतं का ते बघणारी आज्ञा) ८.८.८.८ चालतो आणि साइटचं नाव टाकलं की चालत नाही, तर वॅनमध्ये डीएनएस ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा. झालं.

नावंही उघडतायत, व्हॉट्सॲपवर अक्षरं जातात पण फोटो अडकतात, बँकेचं किंवा सरकारी पोर्टलचं पान अर्धवट येतं, तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. इथरनेटच्या पॅकेटमध्ये १५०० बाइट मावतात. पीपीपीओई स्वतःसाठी ८ घेतो, उरतात १४९२. राउटरवर १५०० लिहिलेलं असेल तर मोठी पॅकेटं वाटेत अडतात. ‘लहान कर’ असा उलट निरोप यायला हवा, पण पुष्कळ फायरवॉल तो निरोपच अडवतात, म्हणून पान फिरतच राहतं.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग करताना तुकडे न करण्याचा डॅश एफ आणि आकाराचा डॅश एल असे दोन पर्याय द्या, आकार १४६४. या १४६४ मध्ये २८ बाइटचं हेडर मिळवलं की १४९२ होतात. उत्तर आलं तर वॅनचा एमटीयू १४९२ ठेवा. नाही आलं तर आकार आठ-आठने कमी करत चला, आणि जिथे पहिलं उत्तर येईल त्यात २८ मिळवून तो आकडा एमटीयूमध्ये भरा. राउटरमध्ये ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ (दोन्ही टोकांना आधीच लहान पॅकेटं पाठवायला लावणारी सोय) असेल तर तेही चालू करा.

दोन लाइन एका राउटरवर

दवाखाने, सीएंची ऑफिसं, ऑनलाइन वर्ग घेणारे शिक्षक आता दोन सेवा घेतात, एक फायबर आणि दुसरी केबल किंवा फोर-जी. ड्युअल वॅन राउटर आणतात, आणि पहिली लाइन तुटली तरी राउटर दुसरीवर जात नाही. कारण राउटर फक्त पोर्टचा दिवा बघतोय. फायबर रस्त्यावर जेसीबीने तोडली तरी ओएनटी ते राउटर ही वायर शाबूतच असते. फेलओव्हरची (एक लाइन पडली की दुसरीवर जाण्याची) तपासणी ‘लिंक’वर न ठेवता पिंगवर ठेवा, आणि तोही ओएनटीला नको, ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला, शक्यतो दोन वेगवेगळ्या पत्त्यांना. दोन्ही ओएनटी १९२.१६८.१.१ वर बसलेले असतील तर एकाचा पट्टा आधी बदला.

लोड बॅलन्सिंगचा मोह टाळा. दोन्ही लाइन एकाच वेळी वापरल्या की बँकेच्या साइटला तुमचा आयपी मध्येच बदललेला दिसतो आणि ती लॉगआउट करते. जीएसटी भरताना हे झालं की माणूस रडकुंडीला येतो. साधं फेलओव्हर ठेवा: एक मुख्य, एक राखीव.

आणि ते चालतं का हे लाइन खरीच तुटायच्या आधी करून बघा. राउटरची वायर काढून बघणं ही चाचणीच नव्हे, कारण तेव्हा दिवा विझतो आणि कुठलाही राउटर उडी मारतो. ओएनटीचा हिरवा कनेक्टर हलक्या हाताने काढा, टोकाला लगेच टोपण लावा, आणि त्या टोकात डोळा घालून बघू नका. त्यातून येणारा १४९० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. मिनिटभरात दुसऱ्या लाइनवर नेट आलं, आणि कनेक्टर परत लावून पॉन स्थिर झाल्यावर राउटर आपण होऊन पहिल्या लाइनवर परतला, तर सेटिंग बरोबर आहे.